इंजिनाच्या पाठुंगळीस बसलेला दुभाषी

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्यांना तेथील काळसर वाळू, समुद्रांत शिरलेला धक्का आणि पलीकडचा रत्नदुर्ग हीं परिचयाचीं आहेत. ज्या काळीं मुंबईहून आगबोटी येत, त्या काळीं रत्नागिरीचें दार समुद्राकडे होतें. आतां तें घाटाकडे आहे. मांडवीहून सकाळीं निघालेली मोटार हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा हीं गांवें मागें टाकून आंबा घाट चढते आणि दुपारच्या जेवणास कोल्हापुरास पोंचते. या एका प्रवासांत इंजिन किनाऱ्यावर स्वस्थ गुरगुरतें, सपाटीवर सुखानें धांवतें आणि घाटांत जिवापाड ओढतें. इंजिनास या तीन अवस्थांत पेट्रोल किती द्यावें, हें कोण ठरवितो आणि त्या ठरविणाऱ्यास कोण काय सांगतो, हा आजचा विषय आहे.

विषय निघण्याचें कारण घरगुती आहे. ज्या घरीं विशी-पंचविशींतील मुलगा वा मुलगी आहे आणि दारांत मोटार आहे, त्या घरीं केव्हां तरी हा प्रश्न निघतो: “इंजिनास सुपरचार्जर बसवूं या. पेट्रोलची काळजी नको, एक लहानशी पेटी लावली कीं तें आपोआप जमतें.” वडील माणसांना होय किंवा नाहीं म्हणावें लागतें, परंतु ही पेटी म्हणजे काय, तें त्यांना कोणी समजावून सांगत नाहीं. हौशी मंडळी तिला ‘पिगीबॅक’ नियंत्रक म्हणतात. मराठींत त्यास नेमका शब्द आहे: पाठुंगळीचा. पाठुंगळीस बसलेलें मूल स्वतः चालत नाहीं. पण वाहून नेणाऱ्याच्या कानाशीं तोंड नेऊन तें त्याला हवें तिकडे वळवितें. ही पेटी तेंच करते.

प्रथम पेट्रोल आणि हवा यांचा हिशेब पाहावा. पेट्रोल जळतें तें हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल याहून अधिक झालें तर मिश्रण पुष्ट, कमी झालें तर क्षीण; गॅरेजांतील कारागीर त्यांनाच ‘रिच’ आणि ‘लीन’ म्हणतात. समजा, इंजिन दीड लिटरचें आणि चार नळकांड्यांचें आहे. प्रत्येक नळकांड्यांत ३७५ घनसेंटिमीटर जागा असते. समुद्रसपाटीवर एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम, म्हणजे नळकांडें पुरतें भरलें तर त्यांत ०.४५ ग्रॅम हवा मावते. पूर्ण जोर लावतांना मिश्रण थोडें पुष्ट, सुमारें साडेबारास एक, ठेवतात. त्या मानानें एका खेपेस ३६ मिलिग्रॅम पेट्रोल हवें. मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगानें हें माप प्रत्येक नळकांड्यांत सेकंदास पन्नास वेळां घालावें लागतें.

आतां लोहाराचा भाता आठवावा. कोळसा तोच, शेगडी तीच. भाता चालूं झाला कीं विस्तव फुलतो. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाता होय. अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं पेटंट घेतलेलें वारा ढकलणारें यंत्र मोटारीसाठीं नव्हतें. भट्ट्या आणि खाणी यांच्या वाऱ्यासाठीं त्याचा उपयोग होई. इंजिनांत हवा कोंबून भरण्याची कल्पना गॉटलीब डाइमलर यांनीं १८८५ सालच्या पेटंटांत मांडली, आणि १९२१ मध्यें मर्सिडीज कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत अशा मोटारी लोकांपुढें ठेविल्या. हा भाता इंजिनाच्याच पट्ट्यानें फिरतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरानें फिरणारा त्याचा भाऊ टर्बोचार्जर. त्याचें पेटंट स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ मध्यें घेतलें.

भात्यानें वातावरणाच्या दाबावर आणखी अर्धा दाब चढविला, तर त्याच नळकांड्यांत ०.४५ च्या जागीं सुमारें ०.६७ ग्रॅम हवा जाते. दाबली गेलेली हवा तापते, म्हणून प्रत्यक्षांत याहून थोडी कमी; पण हिशेबास हा आंकडा चालेल. अशा वेळीं मिश्रण अधिक पुष्ट ठेवावें लागतें, कारण जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना आंतली उष्णता शोषून घेतें. बारास एक हें प्रमाण धरलें तर पेट्रोल ५६ मिलिग्रॅम हवें. पूर्वीचें माप ३६, नवें माप ५६. सारा प्रश्न या वीस मिलिग्रॅमचा आहे.

हें माप ठरवितो तो मोटारीचा संगणक. त्याला हवा दिसत नाहीं, पेट्रोल दिसत नाहीं. काळोख्या खोलींत बसलेल्या कारकुनासारखा तो आलेल्या निरोपांवर काम करतो. कोणी हवेचा प्रवाह कळवितो, कोणी नळींतील दाब, कोणी तपमान, कोणी फेऱ्यांचा वेग. हे निरोप म्हणजे विजेचा दाब. बहुधा शून्य ते पांच व्होल्ट यांमधला एखादा आंकडा. संगणक तो आंकडा आपल्या कोष्टकांत पाहतो आणि पेट्रोलची पिचकारी, म्हणजे इंजेक्टर, किती वेळ उघडी ठेवावी व ठिणगी केव्हां पाडावी, हें ठरवितो. पिचकारी उघडी राहण्याचा काळ मोजतात तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

ज्या मोटारीस भाता कारखान्यांतच लाभला, तिच्या संगणकास भात्याची जन्मापासून ओळख असते. २००८ च्या सुमारास मर्सिडीज-बेंझच्या ज्या सी-२०० कॉम्प्रेसर मोटारी पुण्यास जुळविल्या जात, त्या अशा होत्या. १.८ लिटरच्या त्या इंजिनास सुपरचार्जर होता आणि त्याची शक्ति सुमारें १८४ अश्वशक्ति होती. तेथें पाठुंगळीस कोणी बसण्याची गरज नव्हती. प्रश्न उद्भवतो तो भात्यावांचून जन्मलेल्या इंजिनास मागाहून भाता जोडला म्हणजे. अशा मोटारींतील दाब सांगणारें साधन बहुधा वातावरणाच्या दाबाहून थोडें वर एवढेंच मोजूं शकतें. दाब दीडपट झाला तरी तें आपला शेवटचाच आंकडा सांगत राहतें. संगणक प्रामाणिकपणें ३६ मिलिग्रॅम पाठवितो आणि हवा असते ०.६७ ग्रॅम. प्रमाण सुमारें साडेअठरास एक होतें. इतक्या क्षीण मिश्रणानें इंजिन आचके देतें आणि चालविणारा निदान पाय तरी उचलतो. खरा घात अर्धवट पुरवठ्यानें होतो. दाबाखालीं मिश्रण चौदा-पंधराच्या आसपास राहिलें तर इंजिन जोरांत धांवतें, तक्रार करीत नाहीं आणि आंतून तापत जातें. मग ठिणगीनें पेटविलेली ज्वाला पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें मिश्रण एकदम भडकतें. बाहेर खडखड असा आवाज येतो. आंतल्या ज्वालेचें तपमान दोन हजार अंशांहून अधिक असतें आणि पिस्टनचें अॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतें. एरवीं पिस्टनच्या पाठीवर थंड वायूचा पातळ थर असतो, तो त्याला वांचवितो. हे भडके तो थर उडवून लावतात. पिस्टनला भोंक पडावयास मग फार वेळ लागत नाहीं.

येथें पेटीचें काम सुरू होतें. राघोबादादांच्या पत्रांतील ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि ‘धरावें’ याचें ‘मारावें’ झालें, ही १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या वधाविषयींची आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. पत्र तेंच, जासूद तोच. वाटेंत एक अक्षर बदललें. पाठुंगळीचा नियंत्रक वाटेंत असाच बसतो. हवामापकापासून संगणकाकडे जाणारी तार कापून तिचीं दोन्हीं टोकें या पेटींत जोडतात. मापक ३.६ व्होल्ट म्हणाला तर पेटी संगणकास ४.० म्हणून सांगते. संगणक हवा अधिक आली असें समजून पिचकारी अधिक वेळ उघडी ठेवतो. किती फेऱ्यांस व किती दाबास आंकडा कितीनें बदलावा, याचें कोष्टक पेटींत भरलेलें असतें, आणि खरा दाब मोजण्यासाठीं तिला स्वतःचें निराळें साधन दिलेलें असतें. हा भेद फार महत्त्वाचा आहे. संगणकास खोटें सांगणाऱ्या पेटीला स्वतःला तरी खरें ठाऊक असलेंच पाहिजे.

दुसऱ्या जातीची पेटी मापकाच्या निरोपास हात लावीत नाहीं. ती संगणक आणि पिचकारी यांच्या मध्यें बसते. संगणकानें दहा सहस्रांश सेकंद उघड म्हटलें तर ती तेरा करते. तिसरी जात मूळच्या पिचकाऱ्या तशाच ठेवून एखादी जादा पिचकारी दाब चढल्यावर चालविते. या साऱ्यांहून जुना उपाय केवळ यांत्रिक आहे: भात्याचा दाब एका पडद्यावर घ्यावयाचा आणि त्यानें पेट्रोलच्या नळींतील दाब वाढवावयाचा. पण पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट लागतो. म्हणून हा उपाय थोडक्या कामापुरताच पुरतो.

आतां मोटार मांडवीहून निघूं द्यावी. किनाऱ्यावर इंजिन मंद चालत असतां नळींत दाब नसून उलट ओढ असते. भात्याची हवा आडवाटेनें परत फिरते. येथें पेटीनें मौन धरावें हें उत्तम. परंतु वीस मिलिग्रॅमची भर घालण्यासाठीं मोठ्या पिचकाऱ्या बसविल्या असतील, तर तिला गप्प बसतां येत नाहीं. पिचकारी दीडपट मोठी झाली हें संगणकास कळलेलें नसतें. तो जुन्याच मापानें वेळ देतो आणि पेट्रोल दीडपट पडतें. मग पेटीला उलटें खोटें बोलावें लागतें: हवा आहे त्याच्या दोन-तृतीयांशच आली, असें सांगावें लागतें.

हातखंब्यापुढें मोटार एकसारख्या वेगानें जाऊं लागली म्हणजे आणखी एक साक्षीदार बोलूं लागतो. धुराच्या नळींत उरलेला प्राणवायु मोजणारें लॅम्बडा नांवाचें साधन असतें; १९७६ पासून तें मोटारींत वापरांत आहे. मिश्रण पुष्ट झालें कीं क्षीण, हें तें सांगतें आणि संगणक आपली चूक सुधारून पुन्हां १४.७ वर येतो. एवढेंच करून तो थांबत नाहीं. वारंवार लागणारी दुरुस्ती तो स्मरणांत ठेवतो. म्हणजे सपाटीवर पेटी कांहीं चुकीचें बोलली तर संगणक तें हळूहळू ओळखतो आणि तिचें म्हणणें वजा करूं लागतो. मालकास वाटतें, सारें सुरळीत झालें. पण वजा करण्याची ही संवय संगणक घाटांतहि बरोबर नेतो. सपाटीवर पेटीनें दहा टक्के अधिक सांगितलें असेल, तर संगणक दहा टक्के कमी करावयास शिकलेला असतो. आणि ज्या ठिकाणीं थेंबथेंब पेट्रोल मोलाचें, तेथें तो तितकें कमी घालतो. म्हणून जाणता कारागीर सपाटीवरचें माप आधीं नीट जुळवितो आणि नंतर जोराकडे वळतो.

साखरपा सुटला आणि आंबा घाट लागला. खालचा गिअर, दडपलेला पाय, फेऱ्या अधिक, वेग थोडा, वारा थोडा. भाता पूर्ण दाबानें फुंकूं लागतो. येथें संगणक सहसा लॅम्बडा साधनाचें ऐकणें थांबवितो आणि केवळ कोष्टकावर चालतो. आतां पेटी जें सांगेल तेंच प्रमाण. आणि येथेंच खोट्या निरोपाची दुसरी बाजू उघडी पडते. हवा किती, या एकाच आंकड्यावरून संगणक पेट्रोल ठरवितो आणि ठिणगीची वेळहि ठरवितो. हवा थोडी तर ठिणगी लवकर, हवा फार तर ठिणगी उशिरां, असा त्याचा नियम. मोठ्या पिचकाऱ्यांसाठीं पेटीनें हवा कमी सांगितली कीं पेट्रोल बरोबर पडतें, पण ठिणगी लवकर पडते. आणि दाबलेल्या हवेंत ठिणगी लवकर पडणें म्हणजे खडखडाटास आमंत्रण. म्हणून चांगल्या पेट्या दांड्याच्या फिरण्याचा निरोपहि अडवून किंचित् उशिरां पुढें पाठवितात. ६,००० फेऱ्यांवर दांड्याचा एक अंश सेकंदाच्या ३६,००० व्या भागांत फिरतो. पांच अंशांनीं ठिणगी मागें घ्यावयाची तर पेटीनें निरोप याच्या पांचपट काळ रोखून धरावयाचा, अधिक नाहीं आणि उणाहि नाहीं. जी पेटी केवळ पेट्रोलचें पाहते आणि ठिणगीचें पाहत नाहीं, ती अर्धेंच काम करते.

घाटांत आणखी एक मर्यादा लागते, आणि ती कोणतीहि पेटी ओलांडूं शकत नाहीं. ६,००० फेऱ्यांवर इंजिनाचा एक पूर्ण फेरा २० सहस्रांश सेकंदांत संपतो. पिचकारी त्याहून अधिक वेळ उघडी ठेवणें शक्य नाहीं, कारण तोंवर पुढचा फेरा येऊन ठेपतो. पिचकारी लहान असेल तर पेटीनें कितीहि आग्रह केला तरी पेट्रोल येणार नाहीं. मोठी पिचकारी, पुरेसा पंप आणि भरवशाची पेटी यांपैकीं एक जरी उणें असलें तरी इतर दोन व्यर्थ आहेत. शिवाय वर चढतांना हवा विरळ होत जाते. हजार मीटर चढल्यास हवेचा दाब सुमारें अकरा टक्क्यांनीं उतरतो. पेटी एकूण दाब मोजते कीं बाहेरच्या हवेहून किती अधिक एवढेंच मोजते, यावर किनाऱ्यावर जुळविलेलें माप घाटमाथ्यावर खरें राहील कीं नाहीं, हें अवलंबून असतें.

पेट्रोलहि पूर्वीचें राहिलेलें नाहीं. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. शुद्ध पेट्रोलास १४.७ ग्रॅम हवा लागते, तर या मिश्रणास सुमारें साडेतेराच. म्हणजे तेवढ्याच हवेस इंधन अधिक द्यावें लागतें. इथेनॉल खडखडाटास चांगला विरोध करतें, हा त्याचा गुण खरा; परंतु जुन्या पेट्रोलावर जुळविलेलें कोष्टक नव्या पेट्रोलावर न तपासतां वापरलें तर मिश्रण क्षीण होतें, हेंहि तितकेंच खरें.

कोंकणच्या किनाऱ्यावर याहून साध्या शत्रूची गांठ पडते. पेटी जोडतांना मूळच्या तारा कापाव्या लागतात आणि प्रत्येक सांध्यांत खारा वारा शिरतो. तांबें हिरवें पडतें आणि निरोप सांध्यावरच क्षीण होतो. पांच व्होल्टांच्या भाषेंत दोन-तीन दशांशांचा फरक म्हणजे वेगळेंच वाक्य. पेटीनें मुद्दाम बदललेलें अक्षर एक. सांध्यानें बदललेलें दुसरें, आणि तें कोणाच्याच कोष्टकांत नसतें. सांधे झाळून, वरून नळी चढवून बंद केले आहेत कीं नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळली आहे, हें मांडवीजवळ राहणाऱ्या माणसानें स्वतः पाहून घ्यावें.

यावरून पाठुंगळीचा नियंत्रक ही लबाडीचीच वस्तु आहे, असा समज करून घेऊं नये. मोटारीस मागाहून बसविलेल्या सीएनजीच्या आधुनिक संचांत हीच रीति आहे. मूळ संगणक पेट्रोलच्या पिचकाऱ्यांना आज्ञा देत राहतो; गॅसची पेटी ती आज्ञा वाटेंत घेते, गॅसच्या मापांत तिचें रूपांतर करते आणि गॅसच्या पिचकाऱ्यांना देते. संगणकास मात्र पेट्रोलच जात आहे असें भासविते. शहरांतील हजारों मोटारी असें दुभाष्याचें काम रोज सुखरूप करवून घेतात. कारण त्या संचांची चांचणी मान्यताप्राप्त संस्थांत आधीं झालेली असते. १९६६ मध्यें स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही त्यांपैकीं एक. उलट टोंकाचें उदाहरण कारखान्यांतूनच टर्बो घेऊन आलेल्या मोटारींचें. चाकणच्या कारखान्यांतून २०१३ मध्यें बाहेर पडलेली पोलो जीटी टीएसआय ही १.२ लिटरची, १०५ अश्वशक्तीची मोटार हौशी मंडळींची आवडती ठरली. अशा टर्बो मोटारींना लावावयाच्या पेट्या संगणकास दाब आहे त्याहून कमी सांगतात. संगणक तो भरून काढण्यासाठीं टर्बोस अधिक फुंकावयास लावतो. नवें यंत्र कांहींच आलेलें नसतें. निर्मात्यानें उन्हाळा, घाट आणि वाईट पेट्रोल यांसाठीं जी शिल्लक राखून ठेविली होती, तींतून केलेली ती उचल असते. तिचा हप्ता इंजिन फेडतें.

कायद्याचीहि बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ नमुन्याशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें स्पष्ट केलें आहे. गॅसच्या मान्य संचांस कायद्यानें वाट ठेविली आहे. भाता जोडण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाचा आणि विमा कंपनीचा लेखी अभिप्राय हातीं असावा. पुढें अपघात झाल्यावर तो मागावयास जाण्यांत अर्थ नाहीं.

तेव्हां मुलानें वा मुलीनें तो प्रश्न काढला म्हणजे वडील माणसांनीं एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम होयहि म्हणूं नये. त्यांनीं कारागिरास तीन गोष्टी विचाराव्या. पहिली: पूर्ण दाबाखालीं मिश्रणाचें प्रमाण किती राहतें, आणि तें विस्तृत पल्ल्याच्या लॅम्बडा साधनानें मोजून कागदावर दाखवाल काय? दुसरी: पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळ कोण मागें घेतो? तिसरी: पिचकाऱ्या एका फेऱ्यांतील किती काळ उघड्या राहतात, आणि किती शिल्लक उरते? जो कारागीर हें काम जाणतो, त्याला या प्रश्नांचा राग येत नाहीं. मोटार रुळांवर बांधून, प्रत्येक वेगास व दाबास मोजून घेतलेले आंकडे तो स्वतःच पुढें करतो. “चालवून बघा, मस्त ओढते” एवढेंच ज्याचें उत्तर असेल, त्याच्या हातीं इंजिन देऊं नये. मांडवीहून हातखंब्यापर्यंत सगळ्याच मोटारी मस्त ओढतात. पेटी संगणकास काय सांगत होती, तें आंबा घाटांत कळतें, आणि तेथें कळलें तर फार उशीर झालेला असतो.